जुनी सिल्हूट व्यक्तिचित्रं जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीमुळे काही वर्षं इंग्लंडमध्ये राहिलो. तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात एक काळी, लंबगोल, तळहाताएवढी फ्रेम हाती लागली. आत एका बाईची काळी बाजूछबी होती. तेव्हा जडलेला हा नाद पुण्यात परत आल्यावरही सुटला नाही. ब्रिटन-अमेरिकेतली ओळखीची मराठी मंडळी असं काही दिसलं की फोटो पाठवून विचारतात. त्यांचे फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे.

1. सिल्हूट मिनिएचर म्हणजे नेमकं काय?

माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू, फक्त बाह्यरेषा धरून, एकाच गडद रंगात काढलेली किंवा कापलेली छोटी छबी. ब्रिटनमध्ये हिचा बहर साधारण 1760 ते 1860 या शंभर वर्षांतला. हस्तिदंतावर रंगीत मिनिएचर काढून घेणं श्रीमंतांनाच परवडायचं. सिल्हूट स्वस्त होतं आणि काही मिनिटांत उरकायचं, त्यामुळे दुकानदार, पाद्री, खलाशी, शाळकरी मुलं यांच्याही छब्या मागे राहिल्या. 1839 मध्ये दागेरोटाइप, म्हणजे फोटो काढायची सुरुवातीची पद्धत, जाहीर झाला आणि पुढच्या वीसेक वर्षांत हा धंदा बसला.

आपण फोटोला ‘छायाचित्र’ म्हणतो. खरं तर तो शब्द या सावल्यांनाच जास्त शोभतो! पण आता गोंधळ नको म्हणून मी ‘सिल्हूट’च म्हणतो.

2. हे नाव कुठून आलं?

एतिएन द सिलुएत नावाचा फ्रान्सचा अर्थमंत्री होता. 1759 मध्ये जेमतेम आठ महिने तो त्या खुर्चीवर होता. युद्धाने तिजोरी रिकामी केलेली, म्हणून त्याने काटकसर आणि कर असा दुहेरी बडगा उगारला. मग जे जे स्वस्तातलं, कसंबसं भागवलेलं, त्याला लोक त्याचं नाव चिकटवू लागले आणि ते या चित्रांनाही चिकटलं. इंग्लंडमध्ये मात्र बराच काळ ‘शेड’ किंवा ‘प्रोफाइल’ म्हणायचे. म्हणून जुन्या लेबलवर ‘सिल्हूट’ हा शब्द नसला तर बिचकू नका. अठराव्या शतकातल्या इंग्रजी लेबलवर तो दिसला, तर मात्र थांबून नीट बघा.

3. कॅमेरा नसताना इतकी हुबेहूब बाजू कशी यायची?

बहुतेकदा खऱ्या सावलीवरून. माणसाला खुर्चीवर एका अंगाने बसवायचं, एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला ताणलेला पातळ कागद. कागदावर पडलेली सावली पलीकडून पेन्सिलने गिरवायची. मग पॅन्टोग्राफने, म्हणजे सांध्यांवर हलणाऱ्या पट्ट्यांच्या चौकटीने, ती हवी तेवढी लहान करायची. झुरिकच्या लाव्हाटरने 1770 च्या दशकात चेहऱ्यावरून स्वभाव वाचण्याचं शास्त्र मांडलं आणि त्यासाठी अशा सावल्याच वापरल्या. ते शास्त्र टिकलं नाही, पण घरोघरी सावल्या काढायचं वेड त्याने लावलं. अमेरिकेत पुढे फिजिओनोट्रेस नावाचं यंत्र आलं. त्यात सावलीही लागत नसे, एक दांडी चेहऱ्यालगत फिरवली की दुसऱ्या टोकाला लहान रेघ उमटायची.

काही जण यातलं काहीच न वापरता नुसत्या नजरेने आणि कात्रीने कापत. त्यांच्याबद्दल प्रश्न 5 मध्ये.

4. प्रकार किती आणि ते ओळखायचे कसे?

भिंगातून कडेकडे बघा, बरंचसं तिथेच कळतं.

काळा कागद कापून पांढऱ्या कार्डावर चिकटवला असेल, तर कडेला कागदाची जाडी दिसते. होलो-कटमध्ये उलटं असतं: पांढऱ्या कागदातून चेहरा कापून काढून टाकतात आणि मागे काळा कागद किंवा कापड लावतात. म्हणजे काळा भाग कागदापेक्षा खोल दिसतो. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतला. रंगवलेली सिल्हूटं कार्डावर, प्लास्टरवर, हस्तिदंतावर किंवा काचेच्या आतल्या बाजूने केलेली असतात. काच बहिर्गोल असेल तर उजेडात चित्राची सावली मागच्या पांढऱ्या पृष्ठावर पडते, आणि फ्रेम जरा तिरपी केली की ती सावली सरकते. हा अनुभव फोटोत येत नाही, प्रत्यक्षच घ्यावा.

5. कोणत्या कलाकारांची नावं माहीत असावीत?

नावं पुष्कळ आहेत. मी तीन-चारच सांगतो, पण जरा सविस्तर.

जॉन मायर्स. लीड्सचा, मग एडिंबरा आणि 1788 पासून लंडन. 1821 मध्ये वारला. त्याचं उत्तम काम प्लास्टरच्या लंबगोल चकतीवर आहे. माझ्याकडे त्याची एकच चकती आहे, एका टक्कल पडू लागलेल्या गृहस्थाची. दहापट भिंगातून पाहिलं की चेहरा दाट काळा दिसतो, पण केसांच्या कडेला काळा रंग पाण्यासारखा पातळ होत जातो आणि एकेक बट वेगळी दिसते. गळ्याशी बांधलेल्या मलमलीतून तर मागचं प्लास्टर झिरपल्यासारखं दिसतं. एकाच काळ्या रंगाच्या दाट-पातळपणावर हे सगळं साधलेलं आहे. कवी रॉबर्ट बर्न्सची छबीही त्याने 1787 मध्ये एडिंबरात काढली होती. जॉन फील्ड (1772–1848) त्याच्याच हाताखाली काम करायचा, पुढे धंद्यात भागीदार झाला. त्याच्याविषयी प्रश्न 9 मध्ये.

इझाबेला बीथम. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर 27 नंबरला दुकान. काचेवरचं तिचं काम बघताना मला नेहमी नऊवारीवरची बारीक किनार आठवते, इतक्या नाजूकपणे ती लेस आणि फिती काढायची. नवरा धुण्याची यंत्रं विकायचा, बायको चेहरे काढायची, असं ते घर.

ऑग्युस्त एदुआर (1789–1861). मूळचा फ्रेंच, नाव कमावलं ब्रिटनमध्ये. नुसत्या कात्रीने पूर्ण उभ्या आकृत्या कापायचा. त्याला सोनेरी रेघा, रंग, नटवेपणा मुळीच खपायचा नाही. सावली ती काळीच, असा त्याचा आग्रह. कागद दुमडून कापायचा, म्हणजे दोन प्रती निघायच्या. एक गिऱ्हाइकाला, दुसरी नाव, गाव आणि तारीख घालून स्वतःच्या वहीत. एडिंबरात आश्रयाला आलेला फ्रान्सचा पदच्युत राजा दहावा शार्ल आणि त्याचा परिवार त्या वह्यांत आहे. 1839 पासून दहा वर्षं अमेरिकेत फिरला, माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्सपासून साध्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना कापलं. 1849 च्या डिसेंबरात परत येताना त्याचं ‘ओनाइडा’ जहाज गर्न्झी बेटापाशी फुटलं. माणूस वाचला, पण आयुष्यभराच्या बहुतेक वह्या समुद्राने नेल्या. ज्या थोड्या वाचल्या त्या त्याने आसरा देणाऱ्या कुटुंबाला देऊन टाकल्या, आणि व्यवसाय म्हणून पुन्हा कात्री धरली नाही. त्याचं एखादं सिल्हूट हातात घेतलं की हे आठवल्यावाचून राहत नाही.

मोझेस विल्यम्स. फिलाडेल्फियात चार्ल्स विल्सन पीलचं संग्रहालय होतं, त्या पीलच्या घरात हा गुलाम म्हणून वाढला. 1802 च्या अखेरीस तिथे फिजिओनोट्रेस बसवलं आणि ते काम याच्याकडे आलं. त्याच सुमारास त्याला स्वातंत्र्य मिळालं. पीलच्या हिशोबाप्रमाणे 1803 या एका वर्षात 8,880 छब्या कापल्या गेल्या. त्या कमाईतून विल्यम्सने घर घेतलं. खाली शिक्का पीलच्या संग्रहालयाचा, पण कात्री या माणसाची. म्हणून माझ्या नोंदवहीत मी आधी त्याचं नाव लिहितो.

6. सही नाही, लेबल नाही. मग काळ कसा ठरवायचा?

कपडे आणि केस बघा. पुरुषाच्या मानेमागे फितीने बांधलेली शेंडी असेल तर बहुतेक 1800 च्या आधीचं. बाईच्या डोक्यावर फुगवलेले केस आणि त्यावर भली मोठी टोपी असेल तर 1780 चं दशक. छातीखालीच बांधलेली कंबर 1800 ते 1820. फुग्याच्या बाह्या आणि माथ्यावर उंच अंबाडा म्हणजे 1830 च्या आसपास. वयस्क माणसं मात्र तरुणपणीची फॅशन सोडत नाहीत, ते तेव्हाही तसंच होतं. म्हणून आजीबाईंच्या छबीला दहा-पंधरा वर्षांची सूट द्या.

दुसरी खूण म्हणजे छबी खाली जिथे संपते ती वळणरेघ. प्रत्येक कलाकार ती आपल्या सवयीने काढायचा: कुणी खोल आत वळवायचा, कुणी जवळजवळ सरळ ठेवायचा. चेहरा गिऱ्हाइकाचा असतो, ही रेघ मात्र कलाकाराच्या हाताची. नवे संग्राहक तिच्याकडे बघतच नाहीत.

7. मागचा कागद फाटलाय, पिवळा पडलाय. काढून नवा लावू का?

नको. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

मागच्या कागदावर कलाकाराचं छापील लेबल असतं, त्यात पत्ता असतो. ही मंडळी दुकानं बदलत, दर वेळी नवं लेबल छापत. म्हणून पत्त्यावरून छबीचा काळ चार-पाच वर्षांच्या आत बांधता येतो. मायर्सच्या बाबतीत लीड्स, एडिंबरा की लंडन, आणि लंडनमध्येही कोणता नंबर, यावर सगळी तारीखवारी उभी आहे. कधी शाईत लिहिलेलं नाव असतं, कधी कुणा नातवाने पेन्सिलने ‘आईचे वडील’ असं लिहून ठेवलेलं असतं. छबीतल्या माणसाबद्दल जगात जे काही उरलंय ते त्या तेवढ्या कागदावर आहे.

फाटला असेल तर पुढून-मागून फोटो काढा आणि आहे तसा ठेवा. सुटून पडत असेल तर कागद-संवर्धकाकडे द्या. सेलोटेप अजिबात नको, त्याचा डिंक कागदात उतरतो आणि डाग कायमचा बसतो.

8. नक्कल कशी ओळखायची?

आधी भिंग. काळ्या भागात छपाईचे ठिपके दिसले तर विषय संपला: विसाव्या शतकातल्या पुस्तकाचं पान कापून जुन्या फ्रेममध्ये घातलेलं आहे. अशा वस्तू बाजारात भरपूर आहेत. बहिर्गोल काचेवर छापलेली शोभेची सिल्हूटंही विसाव्या शतकात पुष्कळ निघाली. त्यातला काळा रंग सगळीकडे सारखा सपाट असतो, कुंचल्याचा दाट-पातळपणा नसतो.

मग अतिनील टॉर्च. साधारण 1950 नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, ती निळसर चमकतात. चमकला तर कागद नवा. न चमकला म्हणून जुना, असं मात्र समजू नका. जुन्या पुस्तकांचे कोरे कागद फाडून त्यावर कापणारे लोक आहेतच.

त्यांच्यासाठी कापलेली कड बघा. दोनशे वर्षांपूर्वी कापलेली कड कागदाच्या पृष्ठाइतकीच पिंगट झालेली असते. जुन्या कागदावर नवी कात्री चालवली की कडेला आतला फिकट गाभा उघडा पडतो.

शेवटी फ्रेम. खिळे गंजलेले आणि भोवतीचं लाकूड काळवंडलेलं हवं. फ्रेम जुनी म्हणून आतलं जुनं, हा हिशोब कधीच करू नका (प्रश्न 15 पण बघा).

9. सोनेरी रेघा मूळच्या की नंतर कुणी मारलेल्या?

याला ब्रॉन्झिंग म्हणतात आणि ते बहुतेक वेळा मूळचंच असतं. फील्डचा यात हातखंडा होता: काळ्यावर केस, कान, कोटाच्या घड्या सोनेरी बारीक रेघांनी उठवायच्या. एकोणिसाव्या शतकात ही फॅशन वाढत गेली. शंका कधी घ्यायची? रेघ कापाच्या कडेवरून बाहेर पांढऱ्यावर सांडलेली असेल, कपड्याच्या घडीशी तिचा मेळ नसेल, किंवा एदुआरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या छबीवर ती असेल तर. एदुआरचं मत वर सांगितलंच आहे, त्याच्या कामावर सोनं दिसलं की ते दुसऱ्या हाताचं समजावं.

10. पीलचा शिक्का आहे म्हणजे अस्सलच ना?

नाही. ‘म्युझियम’ किंवा ‘पील्स म्युझियम’ असा शाईविना, नुसत्या दाबाने उठवलेला शिक्का छबीखाली असतो, आणि नेमका तोच शिक्का बनावटही मिळतो. म्हणून आधी कागद आणि कड तपासा, शिक्का नंतर. शिवाय तिथेही कागद दुमडून एकदम चार प्रती कापत. तेव्हा त्याच माणसाची दुसरी प्रत निघाली म्हणून घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या प्रतींबद्दल आणखी प्रश्न 16 मध्ये.

11. पहिली खरेदी कोणती करावी?

अनामिक, पण न उघडलेली. नामवंत कलाकाराची डागडुजी केलेली छबी घेण्यापेक्षा, कुणाची कोण जाणे पण मागचा कागद शाबूत असलेली छबी घ्या. ती तुम्हाला शिकवते. मुलांच्या छब्या, खलाशी आणि सैनिकांचे गणवेश, पूर्ण कुटुंबाचे प्रसंग यांना मागणी जास्त, किंमतही जास्त. वयस्क अनोळखी गृहस्थ सगळ्यात स्वस्त मिळतात आणि माझ्या मते चेहरे त्यांचेच सगळ्यात चांगले असतात.

12. हस्तिदंतावरचं सिल्हूट घेतलं तर चालेल का?

भारतात राहत असाल तर नको. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे, तेव्हा विकत घेऊन आणायच्या भानगडीत पडू नका. ब्रिटनमध्ये 2018 चा हस्तिदंत कायदा जून 2022 पासून लागू आहे. त्यात 1918 पूर्वीच्या, 320 चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या मिनिएचरना सूट आहे, पण विक्रीआधी नोंदणी करावीच लागते. विकणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागा. अंगठ्या आणि ब्रोचमधली इवलीशी सिल्हूटं बहुधा हस्तिदंतावरच असतात, हे नव्या लोकांच्या लक्षात येत नाही.

13. परदेशात घेतलेलं सिल्हूट भारतात आणलं, तर पुन्हा बाहेर नेता येईल का?

हे आणण्याआधी विचारायला हवं. 1972 च्या अँटिक्विटीज कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. व्याख्या वयावर आहे, वस्तू कुठे बनली यावर नाही. मुलगी बोस्टनला आहे, पुढे तिला देऊ असा विचार असेल तर ती तिच्याकडेच ठेवलेली बरी. येताना खरेदीची पावती आणि कस्टमची कागदपत्रं जपून ठेवा. नोंदणी लागते का, ते आपल्या भागातल्या पुरावस्तू नोंदणी अधिकाऱ्याला विचारा, कारण अधिसूचित प्रकारांत चित्रांचा समावेश आहे.

14. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ही टिकतात का?

जपलं तर टिकतात. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ती ओल धरते. घराच्या आतल्या भिंतीवर, उन्हापासून लांब, आणि फ्रेमच्या मागे हवा खेळेल असे छोटे बूच लावून टांगा. जून ते ऑक्टोबर मी माझी सगळी खाली काढतो आणि आम्लमुक्त कागदात गुंडाळून, सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवतो. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरतो. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका. कसर लागली असेल तर एकटी ती फ्रेम बाजूला काढा.

प्लास्टरला ओलीपेक्षा धक्क्याची भीती जास्त. पडलं की भेगाळतंच.

15. काच आतून धुरकट झालीय. उघडून पुसू का?

बाहेरून पुसा, तेही फडक्यावर पाणी घेऊन, काचेवर फवारून नव्हे. आतून हात लावू नका. माझ्या दुसऱ्याच खरेदीत मी ही चूक केली. बहिर्गोल काच, आत बाईची छबी, गळ्यापाशी लेस. मला वाटलं चित्र मागच्या कार्डावर आहे. ओल्या कापसाचा बोळा आतून एकदा फिरवला आणि लेसचा अर्धा भाग बोळ्यावर आला. चित्र काचेवरच होतं. ती फ्रेम मी अजून टेबलावर ठेवली आहे.

फ्रेम पूर्वी कुणी उघडली असेल किंवा बदलली असेल तर ते दोष म्हणून धरा, पण बाद करू नका. लेबल दुसऱ्याच छबीचं असू शकतं, एवढं मात्र गृहीत धरा. लेबल प्लास्टरवाल्याचं आणि आत कापलेला कागद, अशा जोड्या मी पाहिल्या आहेत.

अमेरिकन वह्यांबद्दल एक सूचना. विल्यम बाख या फिरत्या कलाकाराची 1,800 हून अधिक छब्यांची वही वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. तिच्या कागदात आर्सेनिक आढळलं. म्हणून सुट्या जुन्या वह्या-पानं हाताळताना हातमोजे घाला.

16. एकाच माणसाच्या दोन तंतोतंत सारख्या छब्या मिळाल्या. एक खोटी असणार ना?

असेलच असं नाही. एदुआर दोन कापायचा, पीलकडे चार निघायच्या. मायर्स मूळ आराखडे जपून ठेवायचा आणि पुन्हा न बसता कधीही प्रत मिळेल असं लेबलवर जाहीर करायचा. म्हणजे 1790 ला बसलेल्या माणसाची प्रत दहा वर्षांनी, नव्या पत्त्याच्या लेबलसह निघू शकते. तेव्हा कपडे जुने आणि लेबल नंतरचं, हा विरोध दिसला तर तो नकलेचा पुरावा नाही. दोन्ही प्रती शेजारी ठेवून खालची वळणरेघ जुळते का बघा.

17. मागे नाव लिहिलंय. तो माणूस कोण ते कसं शोधायचं?

नाव प्रसिद्ध असेल तर आधी शंका घ्या, कारण नंतरच्या मालकांना मोठी नावं लिहायचा मोह होतो. जेन ऑस्टिनची म्हणून दाखवली जाणारी एक छबी लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. ती तिच्याच कादंबरीच्या जुन्या प्रतीत चिकटवलेली सापडली आणि खाली फ्रेंचमध्ये ‘प्रेमळ जेन’ एवढंच लिहिलेलं आहे. एवढ्यावर ठामपणे काही म्हणता येत नाही.

नाव साधं असेल तर आशा जास्त. लेबलवरून गाव आणि काळ काढा, मग त्या गावच्या चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी बघा. 1841 नंतर जिवंत असेल तर ब्रिटनच्या जनगणनेत नावाने सापडेल. माझे टक्कल पडू लागलेले गृहस्थ असेच शोधले: मागे आडनाव आणि ‘लीड्स’ एवढंच होतं, दोन हिवाळे गेले, आणि एका लोकर व्यापाऱ्याच्या लग्नाच्या नोंदीपाशी पोहोचलो. तोच हा, असं मी अजून म्हणत नाही. जे सापडलं ते वेगळ्या आम्लमुक्त चिठ्ठीवर, मऊ पेन्सिलने, माझ्या नावानिशी आणि तारखेसह लिहून फ्रेमबरोबर ठेवलंय. मागच्या जुन्या कागदावर एक अक्षरही लिहिलेलं नाही.